साकेत नगरातले बिनचाकी मिग

ऐकलंत का? आमच्या भोपाळच्या साकेत नगरात म्हणे घरोघरी विमानं लपवलेली आहेत. नऊ-बीमध्ये पलंगाच्या पेटीत, नऊ-एमध्ये माळ्यावर, आणि एम्सच्या बाजूच्या गल्लीत तर गव्हाच्या कोठीमागे! एकजात सगळी अर्धवट. कुणाला एकच पंख, कुणाला शेपूट नाही, कुणाचा वैमानिक मुंडक्याविना बसलेला. आणि हे उद्योग करणारी माणसं कोण? चांगली शिकलेली, पेन्शन खाणारी, मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत उभी राहून टाळ वाजवणारी. शिव शिव शिव!

सगळं सुरू झालं त्या चंदीगडपासून. 26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलानं मिग-21 ला निरोप दिला. 1963 पासून सेवेत असलेलं विमान, 62 वर्षांची चाकरी. टीव्हीवर तो सोहळा पाहून आमच्या कॉलनीतले समस्त काका हळवे झाले. इथपर्यंत ठीक होतं हो. पण नंतर कुरियरवाल्याच्या खेपा सुरू झाल्या. डब्यावर रुबाबदार चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना लोंबकळणारे शेकडो बारीक तुकडे. प्रमाण 1/72, म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. खरं मिग जवळपास 15 मीटर लांब, ह्यांचं वीतभर. वीतभर विमानासाठी हातभर सामान: निपर, चिमटे, कानशी, चार तऱ्हेचा पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, एअरब्रश. आणि तो कॉम्प्रेसर! दुपारी जरा डोळा लागतोय तोच घरघर सुरू.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते सांगते. सुरुवातीला कॉकपिट. खुर्ची, पट्टे, आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या घड्याळांवरचे पांढरे काटे. ते टूथपिकनं रंगवता रंगवता एका घरातली अख्खी दिवाळी गेली, फराळाच्या ताटाला हात लागला नाही. मग विमानाच्या धडाचे दोन भाग चिकटवले आणि ते सगळं नक्षीकाम आत गडप! वरून बॅटरी मारली तरी दिसेना. मग जोडाची रेघ दिसते म्हणून पुट्टी, पुट्टी वाळली की घासणं, घासलं की प्रायमर, आणि प्रायमर मारला की रेघ पुन्हा हजर. ह्या फेऱ्यात बरेच जण गळतात.

जे उरतात त्यांना हौस जास्त. त्यांना म्हणे 1971 च्या लढाईतलं, बिनरंगाचं, लखलखीत धातूचं मिग हवं. आता चंदेरी रंगाखाली साधा ओरखडाही लपत नाही, हे डब्यावरच्या चित्रात कुठून कळणार? वर पारदर्शक काच चिकटवायला सुपरग्लू घेतला, की त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी. पावसाळ्यात लॅकर मारलं तर दमट हवेनं रंगावर साय येते. आणि मे महिन्यात भोपाळच्या उन्हाळ्यात रंग विमानापर्यंत पोचण्याआधी एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो. ज्या हातांनी उभी हयात भेलमध्ये टर्बाइनची जुळणी केली, ते हात एका डाळीएवढ्या चाकापुढे टेकलेले आम्ही बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

बरं, टेकले तर टेकले. माणसानं कबूल करावं, डबा बंद करावा, भाजी आणायला जावं. छे! इथेच तर खरी भानगड आहे. चाकं अडली, की साहेब त्याच रात्री दुसरा डबा मागवतात. ह्या वेळी रणगाडा. त्याचे पट्टे कडी-कडी जोडून करायचे असतात. पहिल्या वीस-पंचवीस जोडल्या की कंबर धरते. मग तिसरा डबा, जहाज. अर्धवट राहिलेल्यांच्या फळीला ह्या मंडळींत ‘शेल्फ ऑफ डूम’ म्हणतात, आणि न उघडलेल्या डब्यांच्या थप्पीला ‘स्टॅश’. नावं बघा कशी, जणू अमली पदार्थच! एका घरी तर डबा शेजाऱ्यांच्या पत्त्यावर येतो आणि संध्याकाळी फिरायला जाण्याच्या निमित्तानं पिशवीतून घरात शिरतो.

जाब विचारला तर काय सांगतात ठाऊक आहे? राजा भोजाचा दाखला देतात! इथून गाडीनं थोड्याच अंतरावर भोजपूर. अकराव्या शतकातलं शिवमंदिर, आत नुसतं लिंगच साडेसात फूट उंच, आणि मंदिर अर्धवट. भोवतीच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले, घडवून तयार ठेवलेले दगड जागच्या जागी पडून, अवजड शिळा वर चढवण्यासाठीचा मातीचा उतारही मागं उरलेला. ‘बघ, सूचनापत्रक आहे, सुटे भाग आहेत, फक्त जोडणी राहिली,’ असं आमचे शेजारी तिथल्या खडकावर उभे राहून अभिमानानं सांगत होते. मंदिर का थांबलं, ह्यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी लढाई म्हणतं, कुणी पैसा, कुणी छत कोसळलं म्हणतं. दुसऱ्या डब्याचा संशय मात्र अजून कुणी घेतलेला नाही. आणि त्या उघड्या छताचं शेवटी काय झालं? पुरातत्त्व खात्यानं ते फायबरग्लासनं झाकलं. म्हणजे हजार वर्षांनी कामाला आलं ते प्लास्टिकच!

त्यातून भोजराजाच्या नावावर ‘समरांगण सूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ. त्यात लाकडी उडत्या यंत्राचं वर्णन आहे, पण बांधणीची पुरी कृती नाही. ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी दिली नाही, असं ग्रंथच सांगतो. हे कळल्यापासून नऊ-बीमध्येही ‘चाकं कुठे आहेत?’ ह्या प्रश्नाला गुप्ततेचंच कारण मिळू लागलंय.

एवढ्यावर भागत नाही, म्हणून ताज-उल-मसाजिद काढतात. नवाब शाहजहाँ बेगमांनी सुरू केलेली ती भव्य मशीद त्यांच्यामागं पैशाअभावी रखडली. 1971 मध्ये काम पुन्हा हाती घेतलं गेलं आणि 1985 मध्ये पुरं झालं. हे वाचल्यावर एका साहेबांनी आपल्या मिगची मुदत सरळ नातवाच्या नावे करून टाकली.

पण मी म्हणते, दिवाळीतल्या किल्ल्याचं काय? पोरं विटा, माती, गोणपाट गोळा करतात, चिखल थापतात, मोहरी-हळीव पेरून जंगल उगवून आणतात. मावळा दरवाजापेक्षा उंच, महाराज बुरुजापेक्षा मोठे, तोफेशेजारी प्लास्टिकची गाय. प्रमाणाची पार ऐशीतैशी. तरी लक्ष्मीपूजनाला किल्ला उभा असतो की नाही? अर्ध्यावर पोरांचाही जीव कंटाळतो, भांडणं होतात, एक जण रुसून घरी जातो. पण पणत्या लागायची तारीख हलत नाही आणि बघायला माणसं येणार असतात. गणपतीच्या मखराचं तेच: आदल्या रात्री दोनपर्यंत खपतात, पण मूर्ती यायच्या आत मखर तयार. 1953 मध्ये ब्रिटनच्या एअरफिक्सनं आपलं पहिलं स्पिटफायर बाजारात आणलं, तेही मुलंच जोडायची, बोटांचे ठसे उमटवत. काकांच्या विमानाला तिथी नाही, पाहुणा नाही, आणि एकेक रिव्हेट मात्र खऱ्याबरहुकूम हवा. मग दुसरं काय होणार?

तेव्हा आम्ही बायकांनी परस्पर ठरवून टाकलंय. येत्या 8 ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, संध्याकाळी सगळ्यांनी आपापली विमानं घेऊन यायचं. एक चाक कमी चालेल, काच धुरकट चालेल, जोडाची रेघ दिसली तर आम्ही तिकडे बघणार नाही. पोहे-जिलेबी आमच्याकडून. बंद डबा घेऊन येणाऱ्याला मात्र नुसता चहा, तोही बिनसाखरेचा.