घरी विचारून कळवतो

आमच्या घरी रात्री साडेनऊनंतर टीव्ही मुलीच्या ताब्यात असतो. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. त्यांना झोप लवकर येत नाही, म्हणून नात जे बघेल ते त्याही बघतात. त्या रात्री पडद्यावर समुद्रकिनारा होता, मशाली पेटलेल्या होत्या आणि उघड्या अंगाचा एक दणकट मुलगा मान खाली घालून उभा होता. समोरच्या मुलीने त्याला सांगितलं, की तिला त्याच्याशी ‘कनेक्शन’ जाणवत नाही. मागे ढोल वाजले. सूत्रसंचालक जड आवाजात म्हणाला, ‘‘तुझा प्रवास इथेच संपतो.’’

सासूबाईंनी हात जोडले. ‘‘अरेरे! तरणाताठा होता हो. काय झालं होतं त्याला?’’

‘‘आजी, तो गेला नाही. डंप झाला.’’

मीरा-भाईंदरच्या माणसाला डंप म्हटलं की उत्तनचा धावगी डोंगरच दिसतो. अख्ख्या शहराचा कचरा तिकडे जातो. सासूबाईंचा चेहरा आणखीच उतरला. मग मुलीने खुलासा केला, की डंप म्हणजे नापसंत, घरी परत पाठवणी, बाकी पोरगा धडधाकट आहे.

‘‘एवढंच ना? मग असं चारचौघांत तोंडावर कशाला सांगायचं? घरी विचारून कळवतो, म्हणायचं.’’

मुलगी हसून लोळली. मी हसलो नाही. ‘कळवतो’ हा शब्द माझ्या आयुष्यात तीस वर्षांपूर्वी शिरला आणि अजून बाहेर पडलेला नाही.

पण आधी त्या खेळाबद्दल. एमटीव्हीवर ‘स्प्लिट्सव्हिला’ २००८ साली सुरू झालं आणि एवढ्या वर्षांत संपता संपलेलं नाही. मुलं-मुली एका बंगल्यात राहतात, जोड्या जमवतात, ‘टास्क’ नावाच्या कसरती करतात आणि ठरावीक दिवसांनी एकेकाची बोळवण होते. अमेरिकेत २००२ साली ‘द बॅचलर’ आलं. तिथे एका पुरुषाच्या मागे पंचवीस बायका असतात. तो आवडलेल्यांना गुलाब देतो आणि गुलाब न मिळालेलीने बॅग उचलायची. आपल्याकडे उलटं आहे. आपण ठेवून घेतलेल्याला काही देत नाही, घालवायचं त्याला नारळ देतो.

२०१७ साली ‘स्प्लिट्सव्हिला’च्या दहाव्या पर्वात बंगल्यात ‘ओरॅकल’ नावाचं यंत्र आलं. जोडीने त्याच्यापुढे उभं राहायचं आणि यंत्र सांगतं, हे दोघे एकमेकांसाठी योग्य आहेत की नाहीत. का, ते सांगत नाही. मुलीला याचं भारी कौतुक. सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे पत्रिकाच की!’’

खरंच आहे. उलट आमचं यंत्र जास्त कसून काम करतं. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, भकुटाचे सात आणि नाडीचे आठ. बेरीज ३६. अठरा मिळाले की पास. एकनाड आली की आठच्या आठ गेले आणि मुलगा कितीही गोरा असला तरी वाइल्ड कार्ड मिळत नाही. शाळेत गणितात याहून कमीवर पास करत होते, लग्नात करत नाहीत.

स्वयंवराच्या गोष्टीही सासूबाईंना पाठ. दमयंतीच्या स्वयंवरात तर शेवटच्या फेरीत पाच नळ एका रांगेत उभे होते. त्यातले चार म्हणजे नळाचं रूप घेऊन आलेले इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. चौघांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, घाम येत नाही, पापणी लवत नाही, हे बघून तिने घामाने डबडबलेला खरा नवरा ओळखला. ‘‘घाम येत नसलेला माणूस कामाचा नाही,’’ हे सासूबाईंचं मत तिथूनच आलेलं. वातानुकूलित बंगल्यातल्या सगळ्या मुलांना त्यांनी या एका कलमाखाली बाद केलं.

आधुनिक स्वयंवरही त्यांनी पाहिलेलं आहे. २००९ साली राखी सावंतने टीव्हीवर स्वयंवर मांडलं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका आमच्याकडे जमत. रोज एकेक वर गळत होता आणि बायका भाज्या निवडत होत्या. शेवटी टोरांटोच्या मुलाच्या गळ्यात माळ पडली, पण पुढे लग्न काही झालं नाही. सासूबाई महिनाभर त्या कॅनडावाल्याच्या आईची काळजी करत होत्या.

आता माझं स्वयंवर. साल १९९३. मी सरकारी नोकरीत, वय २७, मीरारोडला शांतीनगरमध्ये स्वतःच्या मालकीचं वन रूम किचन. पत्रिका आधीच जुळली होती, ३६पैकी २७ गुण. आता फक्त पोहे खायचे बाकी होते. गिरगावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मुलीच्या वडिलांनी पहिलाच टास्क दिला.

‘‘मीरारोड म्हणजे दहिसरच्या अलीकडे की पलीकडे?’’

‘‘पलीकडे.’’

‘‘मग ती मुंबई नव्हे.’’

‘‘पण लोकल येते.’’

‘‘लोकल कर्जतलाही जाते. पाणी आहे?’’

‘‘आहे ना.’’

‘‘कधी येतं?’’

‘‘टँकर आला की.’’

मग त्यांनी पिनकोड विचारला. मुंबईचे पिनकोड ४००ने सुरू होतात, आमचा ४०१ने. नाडी, गण, ग्रहमैत्री सगळं पार केलेला माणूस एका आकड्याने आपटला. मुलीने पोह्यांची बशी ठेवताना माझ्याकडे बघितलंही होतं. नजर चांगली होती. पण पोहे दुसऱ्यांदा घेता का, असं कुणी विचारलं नाही, आणि या खेळात दुसरी बशी म्हणजेच गुलाब. निघताना वडील दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘मुलीच्या मामांना विचारून कळवतो.’’

मला ते खरं वाटलं. आठ दिवस मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होतो. आई म्हणाली, मामा बहुधा गावी गेले असतील. पुढे कळलं, की ‘कळवतो’ हेच कळवणं होतं. मराठीत नकाराला नकार म्हणत नाहीत. ‘मुलीला पुढे शिकायचंय’, ‘यंदा घरात कर्तव्य नाही’, ‘तुमचा मुलगा आमच्या मुलीपेक्षा फार हुशार आहे’ ही सगळी त्याचीच भावंडं. मी एकूण नऊ ठिकाणी बाद झालो आणि एकाही ठिकाणी मला तसं कुणी सांगितलं नाही.

शेवटी नालासोपाऱ्याचं स्थळ आलं. त्यांच्या दृष्टीने मीरारोड म्हणजे मुंबईच्या दिशेने चार स्टेशनं प्रगती. होणाऱ्या सासूबाईंनी पोहे तीनदा वाढले आणि दारातच सांगून टाकलं, ‘‘आम्हाला पसंत आहे. टँकर आमच्याकडेही येतो.’’

बाद होण्याचा सराव मला लोकलनेही चांगला दिला. ऑफिस सुटल्यावर दादरला विरार फास्टमध्ये पाय ठेवला, की दारातला एक जण अंगापिंडावरून हा विरारचा नव्हे हे ओळखत असे. यंत्र नाही, मशाली नाहीत. एक खांदा आडवा येई आणि आवाज येई, ‘‘भाईंदर पकड ना, भाई!’’ आपण फलाटावर. पण ते बरं होतं. गाडी सुटली हे डोळ्यांना दिसायचं. कुणी ‘डब्यात विचारून कळवतो’ म्हणालं असतं, तर मी आजही दादरला उभा असतो.

मीरारोड तेव्हाचं राहिलं नाही. २८ फेब्रुवारी २००२ला महानगरपालिका झाली, मिठागरांच्या बाजूला टॉवर आले, डोक्यावर मेट्रोचे खांब आले. आता अंधेरी-लोखंडवालाचं भाडं न परवडणारी, टीव्हीत नशीब काढायला आलेली मुलं आमच्याकडे येतात, आणि तीस वर्षांपूर्वी मला बाद करणारा पत्ता त्यांना बाद करत नाही. त्यांना बाद करते ती सोसायटी. अमेरिकेत बॅचलर म्हटला की पंचवीस बायका रांग लावतात. मीरारोडला बॅचलर म्हटला की एजंटसुद्धा फोन ठेवतो. वास्तविक उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना मालकाने सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. पण नुसतं कळवून काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे.

आमच्या चौथ्या मजल्यावर अशी तीन मुलं राहतात. त्यातला अकोल्याचा एक जण अशाच एका जोड्या जमवण्याच्या कार्यक्रमात निवडला गेला. कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. करार त्याचा असला तरी शब्द मी दिलेला आहे. दोन मोठ्या बॅगा घेऊन तो निघाला तेव्हा वॉचमनने सगळ्या विंगना सांगितलं, की साहेब दीड महिना परदेशी चाललेत. अकराव्या दिवशी पहाटे रिक्षा थांबली आणि साहेब बॅगांसकट उतरले.

काय समजायचं ते सगळे समजले. पण त्याला काही बोलायची सोय नव्हती. कार्यक्रम दाखवला जाणार दोन महिन्यांनी आणि तोवर तोंड उघडलं तर दंड. टोपी खाली ओढून तो दूध आणायला जाई. सासूबाईंनी त्याला जिन्यात गाठलं.

‘‘काय रे, घालवलं का तुला?’’

‘‘आजी, मले सांगता येत नाही ना. सही केली हाय.’’

‘‘मग मान तरी हलव.’’

‘‘मान हलवाचीबी परवानगी नाही.’’

पुढे कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या इमारतीत मोठी मजा झाली. टीव्हीवर तो तेल लावलेले दंड दाखवत ‘मी इथे जिंकायलाच आलोय’ म्हणून गर्जत होता, आणि त्याच वेळी खाली पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन लिफ्ट बंद असल्याने जिने चढत होता. पण आमच्या सोसायटीने एकदाही त्याला उघडं पाडलं नाही. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्याच्यासाठी एक झाली. तळमजल्यावरचे काका तर त्याला रोज न चुकता विचारत, ‘‘काय, अजून आहेस ना तिकडे?’’ आणि तो आमच्या जिन्यात उभा राहून म्हणे, ‘‘हो काका, आहे.’’

तिसऱ्या भागात त्याचा नंबर लागणार हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सासूबाईंनी त्याला त्या रात्री आमच्याकडे बोलावलं आणि कांदेपोहे केले. तिकडे पडद्यावर ती मुलगी त्याला सांगत होती, की तू मुलगा चांगला आहेस पण माझं मन दुसऱ्याकडे आहे. त्याचे डोळे भरले. इकडे आमच्या सोफ्यावर तो खाली मान घालून लिंबू पिळत होता.

‘‘फार लागलं का रे?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘लागलं ना आजी. रातभर रडलो. पण तोंडावर सांगतलं तिनं, ते बरं झालं. सकाळी उठलो त मोकळा होतो.’’

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्या बशीत दुसऱ्यांदा पोहे वाढले.

पण त्याची खरी एलिमिनेशन फेरी पुढेच होती. त्याचा लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. टीव्हीवर त्याचं उघडं अंग पाहिल्यापासून आमचे अध्यक्ष अस्वस्थ होते. समितीची बैठक लागली. सात जण हजर. एकाने संस्कारांचा मुद्दा काढला, दुसऱ्याने त्याने गणपतीत उचललेल्या खुर्च्यांचा, तिसऱ्याने पाणी कमी वापरतो याचा. मीरारोडला या तिसऱ्या मुद्द्याला अजूनही वजन आहे. तासभर गेला. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, ‘‘सेक्रेटरी, उगाच वाईटपणा नको. त्याला एक पत्र द्या, आपल्या अर्जाबाबत यथावकाश कळवण्यात येईल.’’

मी पेन उघडलं. ‘कळ’ एवढं लिहिलं आणि मला गिरगावचा तो जिना आठवला. मी म्हटलं, ‘‘हात वर करा. काय असेल ते मी आत्ता वर जाऊन त्याच्या तोंडावर सांगतो.’’

मालकाशी बोलायचं सोडून आपण त्या पोराला का तंगवतोय, असंही एक जण म्हणाला आणि त्याचाही हात वर गेला. चार विरुद्ध तीन. मी चार मजले चढलो. त्याने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून तो टीव्हीवर उभा राहिला होता तसाच, हात मागे बांधून उभा राहिला. ढोल वाजायच्या आत मी सांगून टाकलं, ‘‘राहतोयस. अकरा महिने.’’

मला मिळालेला तो नकार एवढ्याने फिटत नाही. पण दारात उभं राहून हो की नाही ते सांगायला चार जिने आणि एक मिनिट पुरतं, हे मला त्या रात्री कळलं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली आहेत, त्यांनीही एक मिनिट काढावं. समोरच्याच्या बशीत पोहे असतानाच सांगावं, म्हणजे ते तरी गरम जातील.

गिरगावहून अजून काही कळवलेलं नाही.