ऊसतोडवाल्यांनो, जीवनशैली सुधारा!

आपण मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत असताना, शरीराची जराही पर्वा नसलेला एक वर्ग दिवाळीच्या सुमारास बीडहून निघतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर कोपी ठोकतो आणि उन्हाळा लागेपर्यंत प्रकृतीचे वाट्टेल ते हाल करून घेतो.

सात-आठ तास झोपा, असे डॉक्टर सांगून थकले. हे पहाटे तीन-चारला उठून फडात! व्यायामाचेही तारतम्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे म्हणते. यांचा आठवडा सोमवारी न्याहारीच्या आत भरतो, पण थांबतील तर शपथ. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, तेही ट्रेनरशिवाय.

बायकांची मिश्री तर विचारूच नका. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि दातांना लावत बसायचे. कर्करोग होतो हे ठाऊक असते. तरी म्हणतात, ‘तेवढीच भूक मरती.’ भूक मारायला शहरात लोक आहारतज्ज्ञाला हजारो रुपये मोजतात, हे यांना कोण सांगणार? पुरुषांचा गुटखा वेगळाच. त्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. बंदी असलेला गुटखा टपरीवर मिळतो, बंदी नसलेले दूध मिळत नाही. आता यात दोष यांच्या आवडीनिवडीचाच म्हणायचा.

पाणीसुद्धा पीत नाहीत हो! का, तर ‘जायचं कुठं?’ अहो, एवढा ऊस उभा आहे की आडोशाला! पण तोही यांनीच तोडून सपाट केलेला.

आजारी पडणे ही आणखी एक खोड. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला अर्धा तापाने फणफणला तरी खाडा पुऱ्या कोयत्याचा, आणि त्याचा दंड मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीत मिळवला जातो. बायकांना तर पाळीही येते. त्यावर काहींनी तिशीतच गर्भाशय काढून टाकण्याचा दूरदर्शी उपाय केला, कित्येकींनी त्यासाठीही मुकादमाकडूनच उचल घेतली. म्हणजे पुढच्या हंगामाची नोकरी पक्की! सरकारलाही याचे कौतुक वाटले असावे, कारण 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

आता मात्र आशा आहे. पदार्थांत किती तेल, किती साखर दडली आहे ते सांगणारे फलक कार्यालयांत लावा, असे केंद्राने 2025 मध्ये सुचवले. असा एक फलक फडाच्या बांधावरही रोवावा: ‘साखर कमी खा.’ वाचायला दोन मिनिटे कोयता खाली ठेवावा लागेल, त्याचा खाडा धरायचा की नाही, तेवढे मुकादमाला आधी विचारून घ्या.