चिल्लर गाड्यांचा दरारा

माइक हचिन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने 2017 साली ‘गॅसलँड्स’ हा खेळ काढला. खेळण्यातल्या बोटभर गाड्यांना बंदुका चिकटवायच्या, टेबलावर शर्यत लावायची आणि एकमेकांना उडवायचं. नियमाप्रमाणे अवजड ट्रक तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. मोटारसायकल सहाव्यापर्यंत पळते. अंगाने काडी, चार तडाख्यांत राम म्हणणारी. पण वळायला चपळ, किमतीला स्वस्त. त्यामुळे काही खेळाडूंचा जीव तिच्यावरच.

नळदुर्गजवळच्या आम्हा जळकोटकरांना यात नवल ते काय? सोलापूर-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. मागून बावीस चाकांचा कंटेनर भोंगा वाजवत येतो. पुढे नळदुर्गची टमटम. आत माणसं ठासलेली, चालक निम्मा बाहेर. वळायचं असलं की तो उजवा पाय बाहेर काढतो; दिवा कधीचाच गेलाय. एवढ्यात कडेला कोंबडी काखेत धरून एक म्हातारी हात करते. टमटम जागीच थांबते. कंटेनरचे ब्रेक कर्कश किंचाळतात. टमटमवाला मागे बघतसुद्धा नाही. ‘‘या मावशी, लई जागा हाय!’’

ना तोफ, ना चिलखत. काचेवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’, बस्स. बावीस चाकं मुकाट उभी.

हचिन्सनच्या नियमांत सहा धोके साठले की गाडीचा ताबा सुटतो. आमच्याकडे सहावा धोका चालकाशेजारी दांडीवर बसतो, आणि त्याचंही पूर्ण भाडं घेतात.