ब्रँचवाले भाऊ

जून लागला की पिंपळगाव राजात दोन सल्ले एकाच काउंटरवर मिळतात: कपाशीचं वाण कोणतं लावावं, आणि पोराला कोणत्या ब्रँचला टाकावं. सल्ला देणारे एकच, कृषी केंद्रवाले भाऊ. असे भाऊ गावोगावी असतात. कुठे किराणा दुकानात बसतात, कुठे निवृत्त तलाठी असतात. आमचे भाऊ ४७५ ग्रॅमच्या पाकिटांच्या थप्पीआड बसतात. खामगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात त्यांचं शिक्षण थांबलं, त्यामुळे ते कुठल्याच ब्रँचचे पक्षपाती नाहीत.

बाप येतो, पायरीशी चपला काढतो. मागे बारावी झालेलं पोरगं मोबाईलमध्ये मान घालून उभं. भाऊ त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पेरताना बियाण्याला कोण विचारतं?

"सीईटीत किती पडले?"

"७९ पर्सेंटाईल, भाऊ."

"म्हंजे डिस्टिंक्शन!"

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, आपण किती जणांच्या पुढे आहोत त्याचा तो हिशेब, हे पोरगं पुटपुटतं. भाऊ ते ऐकून घेत नाहीत. ते व्याख्यांवर आलेले असतात.

"पाय, सीएस म्हंजे काम्प्युटर बनवनं. आयटी म्हंजे बनलेला चालवनं. एआय-डेटा सायन्स म्हंजे काम्प्युटरच काम्प्युटर चालवते, आपन फक्त पगार उचलाचा. बीसीए म्हंजे इंजिनिअरिंगच, फिजिक्स वजा जाता. अन् बीएस्सी काम्प्युटर म्हंजे बीएस्सीच बाप्पा, पन एसीत."

यातली बीसीएची व्याख्या चुकून बरीचशी जमली आहे, म्हणून बाकीच्या चारही खपतात. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय सीएसलाही असतात आणि आयटीलाही. बीसीएवाला पुढे दोन वर्षांचं एमसीए करून त्याच रांगेत येऊन उभा राहू शकतो. पण एवढी बारकाई भाऊंच्या धंद्यात चालत नाही. त्यांचा नियम एकच: मागच्या साली कोणाला भाव मिळाला?

गावातला एक जण चाकणला कंपनीत लागला, तेव्हा भाऊंनी तीन हंगाम मेकॅनिकल पेरलं. मेहकरकडून समृद्धी महामार्गाचं काम जोरात होतं, तेव्हा सिव्हिल. हल्ली एआय. बी.ई.चं पीक हाती यायला चार वर्षं लागतात आणि भाव तेवढा वेळ थांबत नाही, हे सोयाबीनवाल्या गावाला वेगळं सांगायला नको. तरी पुढच्या जूनमध्ये रांग तेवढीच.

२०२४ साली बीसीएलाही सीईटी लागली. तेव्हा काही कॉलेजांनी त्यातून सुटायला कोर्सची नावंच बदलून घेतली. ही एक गोष्ट भाऊंना समजावून सांगावी लागली नाही. "गोनी नवी, खत तेच," ते म्हणाले. त्या वर्षीचं उच्च शिक्षणावरचं सर्वात नेमकं भाष्य ते हेच.

प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये मात्र भाऊ घसरतात. ऑप्शन फॉर्म भरताना "पुन्याचं वर लिव, इज्जत राह्यते" असं त्यांनी एकाला सांगितलं. पहिला पसंतीक्रम लागला की जागा आपोआप फ्रीझ होते. झाली. घरच्यांच्या मनात शेगावचं १९८३ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. पोरगं घरून येऊन-जाऊन शिकलं असतं, गुरुवारी गजानन महाराजांचं दर्शनही झालं असतं. बाप डोकं धरून आला. भाऊ शांत. "फ्रीझ म्हंजे गोठलं. गोठलं म्हंजे नासत नाई." पोरगं शेगाववरूनच महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला गेलं.

मागच्या हंगामात एक मुलगी एकटीच आली. त्याच २०२४ सालापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. तिची नॉन-क्रिमिलेअरसकट सगळी फाईल तयार होती. तिने काउंटरवर दोन ब्रँचचे सिलॅबस शेजारीशेजारी पसरले. सारख्या विषयांवर पेनाच्या खुणा.

"दुसऱ्या सालचे बहुतेक विषय तेच हायेत, भाऊ. मले गनित आवडते. आयटी भेटलं तरी चालते, पन कॉलेज चांगलं पायजे. मी जाऊन लॅब पाहून आली."

भाऊंनी चष्मा लावला, काढला. "सारं तुलेच मालूम हाये, मंग मले कायले विचारते?"

"तुमाले विचारत नाई. बाबाले एआयच पायजे. ते तुमचंच आयकतात. त्याह्यले सांगा, पोरगी म्हनते ते बरोबर हाये म्हनून."

संध्याकाळी बापाला बसवून भाऊंनी सारे सारखे विषय मोजून दाखवले, जणू रात्रभर जागून स्वतःच शोधले होते. बापाला पटलं. उठता उठता त्याने विचारलं, "अन् लहान्याचं काय, भाऊ? पुढच्या साली बारावी हाये त्याची."

"ते तिलेच विचार," भाऊ म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अन् ते काय सांगते, ते मले येऊन सांगजो."