कूलर कसा चालवावा : हुडकेश्वरच्या नव्या रहिवाशांसाठी

अभिनंदन! नागपूरच्या हुडकेश्वरात तुमचे घर झाले. ले-आउटमधली झाडे अजून कमरेएवढी आहेत, स्लॅब मात्र तापण्याच्या वयाचा झाला आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास फिरू लागण्याआधी हे वाचून घ्या.

१. यंत्र ओळखा. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना लाकडाच्या भुशीच्या ताट्या, तळाशी पाणी, एक छोटा पंप आणि समोर पंखा. पाहुण्यांना हे भंगार वाटेल; वाटू द्या. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि कूलर ती आत येणाऱ्या हवेकडूनच वसूल करतो. एक लिटर पाणी उडते, तेव्हा सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ताटीतून येणारी हवा ३०च्या घरात उतरते. ऊन जितके कोरडे, तितका कूलर खूश. उन्हाकडूनच उन्हाचा बंदोबस्त करून घेणारे दुसरे यंत्र तुमच्या घरात नाही.

२. दार उघडे ठेवा. नवखे इथेच नापास होतात. गार हवा जाईल म्हणून ते खिडक्या-दारे लावून बसतात आणि तासाभरात खोलीचे न्हाणीघर होते. मग शेजारचे काका सांगतात, "दार उघडा ना भाऊ, दमट होऊन राहिलं." ऐका त्यांचे. एसीचे शिक्षण इथे चालत नाही. एसीचा जन्मच वेगळा : १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणाने कागद फुगू नये म्हणून ती यंत्रणा आखली. एसी ओल काढायला जन्मला, कूलर ओल घालून गारवा देतो. दोघांचे जमणार कसे?

३. आधी बटण बंद, मग बादली. हा मुद्दा थट्टेचा नाही. ओला पत्रा आणि वीज यांची गाठ जिवावर बेतते. अर्थिंग तपासून घ्या, प्लग काढा, पायात चप्पल घाला, आणि मगच पाणी भरा. लहान मुलांना कूलरपासून दूर ठेवा.

४. बोअरचे पाणी. ताटीवर पांढरे थर चढले, तर नजर लागलेली नाही. ते पाण्यातले क्षार आहेत. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. अधूनमधून टाकी रिकामी करा, दर मार्चमध्ये ताट्या बदला.

५. पाळीव डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, नाहीतर भाडे न देणारे भाडेकरू ठेवल्यासारखे होईल.

६. जून. पाऊस आला की हवेत आधीच ओल असते, मग कूलर नुसता आवाज करतो. त्याला शिव्या देऊ नका. जुनी साडी पांघरवून गच्चीवर ठेवा.

७. पाणी कोण भरणार? एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या बंगल्यांत थर्मॅन्टिडोट नावाचे यंत्र असे : खिडकीला लावलेली मोठी लाकडी पेटी, आत पंखा, बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पंखा हाताने फिरवायला एक माणूस, ताट्यांवर पाणी ओतायला दुसरा. दोघेही बाहेर, उन्हात. पुढे पंखा फिरवणाऱ्याच्या जागी मोटार आली आणि पाणी वर चढवायला पंप आला. टाकी भरणे मात्र राहून गेले. दुपारी तीनला हवा एकदम गरम येऊ लागते, ओल्या भुशीचा वास थांबतो आणि सगळ्या घराला एकाच वेळी गाढ झोप लागते. अशा वेळी डोळे मिटून पडून राहा. ज्याला खरोखर झोप लागली नसेल, तो उठेल.

आज तुमची पाळी आहे.