पिना तेवढ्याच, बोर्ड दुसरा

मलकापुरात पाणी चोवीस तास येतं, तेही मीटरवर. पण नळाचे आटे बदललेत, नवी तोटी घ्या, असं पालिकेने कधी कळवलेलं नाही. इंटेलचं तसं नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरला ११५१ पिनांचं सॉकेट, आठव्या-नवव्यालाही ११५१च. म्हणून जुन्या बोर्डात नवा बसवावा, तर तो बसतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. चिपसेट ३०० मालिकेचा हवा होता! पुढे १२००, १७००, १८५१. उसाचा दर या वेगाने चढला असता तर कुणी रस्ता अडवला नसता.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि धडधाकट मशिनं रातोरात म्हातारी ठरली. ‘फक्त बोर्ड बदलू,’ म्हणून माणूस दुकानात शिरतो. बोर्डाला प्रोसेसर नवा, डीडीआर५च्या खाचेत डीडीआर४ची रॅम जात नाही, म्हणजे तीही नवी. जुनं उरतं ते कॅबिनेट आणि त्यातली धूळ.

एएमडीने २०१६पासून एएम४ सॉकेट टिकवलं, हे खरं. फक्त जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालायला आधी बायोस अपडेट लागतं. ते करायला बहुधा जुना प्रोसेसर लागतो. तो विकूनच तर नवा घेतलेला असतो.