बाभळीचा काटा आणि ड्रॅगनचा जाळ

कल्पनारम्य भूमिकाखेळ, म्हणजे प्रत्येक खेळाडूने योद्ध्याचे वा मांत्रिकाचे सोंग घ्यावे आणि सूत्रधाराने उभ्या केलेल्या संकटांतून फाशांच्या कौलाने वाट काढावी असा बैठा खेळ, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केला, तथापि त्यातील लढाई कितपत खरी वाटते याची परीक्षा बीड जिल्ह्यातील वडवणीच्या शिवारात अद्याप झालेली नाही, ही या शास्त्रातील मोठीच उणीव होय.

या लढाईचा कणा म्हणजे प्राणांक, अर्थात पात्राने किती मार सोसावा हे ठरवणारी संख्या. ही कल्पना अर्नेसन यांनी नौदलाच्या युद्धखेळातून घेतली. जहाजाला भोक पडले तरी ते तरंगते, तोफा डागते आणि शेवटच्या तडाख्यालाच बुडते. हाच न्याय माणसाला लावल्यामुळे नऊ बाण लागलेला वीर पूर्वीच्याच आवेशाने तलवार फिरवतो आणि अखेरचा अंक संपताच कोसळतो. वडवणीत मात्र टाचेत बाभळीचा काटा मोडला, तरी धडधाकट गडी लंगडतो आणि सुई सापडेपर्यंत अख्ख्या घराला कामाला लावतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनच्या जाळात होरपळलेला वीर आठ तासांच्या विश्रांतीनंतर सर्व प्राणांकांसह उठतो. ही सवलत कारखान्याच्या हंगामाहून परतलेल्या ऊसतोड मजुराच्या कंबरेला मिळती, तर बाम विकणाऱ्यांचे दिवाळे निघाले असते.

या आक्षेपाला गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत उत्तर दिले, की प्राणांकांत रक्तमांसाबरोबर कौशल्य, नशीब आणि दैवी कृपाही मोजलेली असते. मात्र मग मलमपट्टी नशिबाला नेमकी कोठे बांधावी, हा प्रश्न उरतोच. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी हात, पाय, डोके यांचे प्राणांक वेगळे मोजून वास्तव साधले खरे, परंतु वार, बचाव, लागलेला अवयव आणि चिलखताची वजावट असा हिशेब मांडता मांडता एकेक घाव तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारासारखा रेंगाळू शकतो, आणि तेवढ्या वेळात राक्षसाचाही राग निवतो.

तन्मयता, म्हणजे खोटे आहे हे ठाऊक असूनही त्यात गुंतून जाणे, वेगळ्याच मार्गाने येते. कोकणातील दशावतारात दोन राजे तालावर गिरक्या घेत लढतात, कोणाला ओरखडाही उठत नाही, आणि तरीही प्रेक्षक पहाटेपर्यंत जागतो; कारण कोण का लढतो आहे आणि हरल्यास काय गमावणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. भूमिकाखेळातही घावाची खोली मोजण्यापेक्षा घावाचा परिणाम टिकवणे अधिक महत्त्वाचे ठरते. तेव्हा सूत्रधारांनी तक्ते खुशाल आवरते घ्यावेत. पण ड्रॅगनशी झुंजून आलेल्या वीराला दुसऱ्या दिवशी निदान बाजारापर्यंत तरी लंगडू द्यावे.